नात्याचा रकाना

टोलमन बेटाच्या शाळेत बारावीला त्या वर्षी एकच मुलगी होती, म्हणजे वर्गात पहिलीही तीच आणि शेवटचीही तीच. कॉलेजच्या अर्जात ‘वर्गातला क्रमांक’ असा रकाना आला तेव्हा मार्नी थर्स्टननं न अडखळता लिहिलं, ‘एकात पहिली.’ मग जरा विचार करून पुढं टाकलं, ‘तरी चुरस होती. पहाटे समुद्रावर जाणारी मुलगी आणि आठला शाळेत पोचणारी मुलगी, दोघींत रोज एक हरायची. दोघीही मीच.’

काळजी हा तिचा प्रांतच नव्हता. सतरा वर्षांची पोर, खाऱ्या वाऱ्यानं नाकाचं साल गेलेलं, बोटांना दोराचे वळ. आठव्या वर्षी तिला शेवंड, तो मोठा समुद्री झिंगा, धरायचा पोरांचा परवाना मिळाला होता. आता तिची स्वतःची होडी होती, नव्वद पिंजरे होते, आणि प्रत्येक पिंजऱ्याच्या दोराला पाण्यावर डुलणारा बोया, नारिंगी, मधे पांढरा पट्टा. तो थर्स्टनांचा रंग. बेटावर प्रत्येक घराला आपला रंग असतो. वायरलेसवरसुद्धा माणसं नाव सांगत नाहीत, रंग सांगतात. ‘नारिंगी-पांढरा बोलतोय’ म्हटलं की अख्ख्या खाडीला कळतं, हा डॅरेल थर्स्टन, नाहीतर त्याची लेक.

पण लेकीचा जीव शेवंडीत नव्हता, शेवंड जिथून येते त्या तळात होता. पिंजरा वर आला की ती आधी त्याच्या बुडाला काय चिकटलंय ते बघायची. कुठं हिरवी चिकणमाती, कुठं शिंपल्यांचा भुगा, कुठं शंभर वर्षांपूर्वी बुडालेल्या एखाद्या जहाजाच्या कोळशाची कणी. ते ती खरवडून मुरंब्याच्या बरणीत भरायची, बरणीवर जागा आणि तारीख लिहायची. डॅरेलच्या बोटघरात अशा चारशे अकरा बरण्या रांगेनं उभ्या होत्या. “दुसऱ्यांच्या घरी जॅम असतो,” डॅरेल म्हणायचा, “आमच्याकडे समुद्राचा गाळ. पावाला लावून बघा.”

बोस्टनजवळ एक कॉलेज होतं, जिथं समुद्राच्या तळाचा अभ्यास चाले. शंभर जणांनी दार ठोठावलं तर ते सहा जणांना आत घेई. मार्नीनं ठरवलं होतं की त्या सहांत आपण आहोत. प्रश्न फक्त त्यांना कळवायचा होता. लवकरच्या फेरीचा अर्ज, मुदत एक नोव्हेंबर, उत्तर डिसेंबरच्या मध्यावर. निबंध झाला होता, गुण गेले होते. उरलं होतं एक शिक्षकाचं पत्र.

शाळेत शिक्षक तीन. मुख्याध्यापक लोरिंग थर्स्टन म्हणजे बापाचा चुलतभाऊ. गणित आणि विज्ञान शिकवणारी व्हर्ना बँक्स म्हणजे आईची सख्खी धाकटी बहीण. आणि तिसरे, भाषा आणि इतिहास शिकवणारे, क्लेमंट हॉफर. ओहायोच्या मक्याच्या शेतांतून आलेले. वयाच्या तिशीत पहिल्यांदा त्यांनी समुद्र बघितला तो याच बेटाच्या धक्क्यावरून. त्याला एकवीस वर्षं झाली होती.

एकवीस वर्षं, आणि तरी ते ‘बाहेरचे’. बेटाचा हिशेब साधा आहे. बाळंतपण पलीकडं, मुख्य भूमीवरच्या इस्पितळात झालं तरी आई पहिल्या बोटीनं परतली की पोर बेटाचं. बाकी सगळे बाहेरचे, मग ते इथंच म्हातारे होऊन इथंच पुरले जावोत. चर्चच्या बायका दरवर्षी बेटाच्या टेलिफोन नंबरांची एक वही छापतात. त्यात घराण्यांची पानं असतात आणि शेवटच्या पानावर ‘इतर’. गुरांचा डॉक्टर, नळवाला, पलीकडचं पोलीस ठाणं, आणि हॉफर सर. त्यांना कुणी वाईट वागवत नव्हतं. त्यांच्या दारात लाकडं येत, माशाचं सूप येई. फक्त कुणी त्यांना कधी होडीवर बोलावलं नव्हतं, आणि वायरलेसवर सांगायला त्यांच्यापाशी रंग नव्हता.

सोमवारी दुपारी मार्नी व्हर्ना मावशीच्या स्वयंपाकघरात बसली होती. टेबलावर ब्लूबेरीच्या तीन पाई, फळं भरून भाजलेल्या गोड पोळ्या, निवत होत्या, तिन्ही लग्नाच्या चाचणीच्या. शनिवारी, पंचवीस ऑक्टोबरला, मावशीचं लग्न होतं. उन्हाळी पाहुणे गेलेले, नोव्हेंबरची वादळं अजून यायची, पाद्रीबाईंना बोटीनं यायला सवड, असा सगळा मेळ घालून दिवस काढला होता. आणि नवरामुलगा, वय एकावन्न, हॉफर सर.

“दुसरीत साखर कमी,” मार्नी म्हणाली. तिच्या एका हातात काटा, दुसऱ्या हातात फोनवर कॉलेजच्या सूचना. “मावशी, ऐक. ‘शिफारसपत्र देणारे शिक्षक अर्जदाराचे रक्ताचे किंवा लग्नाचे नातेवाईक नसावेत.’”

“मग मी बाद. लोरिंग बाद. हॉफर आहे की.”

“आहेत. शनिवारपर्यंत.”

मावशीचा हात पाईवरच थांबला. मग ती खुर्चीत बसली आणि हसली ते अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “अगं बाई. सतरा वर्षं तो एकटाच तुझा कुणी लागत नव्हता. आणि मुहूर्त बघ कसा साधला आम्ही!”

मार्नीही हसली, पण तिचं डोकं पुढं पळत होतं. “मुदत एक नोव्हेंबरची, म्हणजे त्याच्या पुढच्या शनिवारची. तुम्ही जर एकच आठवडा...”

“बोल, बोल. थांबलीस का?”

“आठवडाभर पुढं ढकललं तर?”

व्हर्ना मावशीनं हात पुसले, सावकाश. “एकोणीस वर्षं तो दर रविवारी वह्यांचा गठ्ठा घेऊन इथं येतो. सूप पितो, वह्या तपासतो, जातो. मी एकोणीस वर्षं वाट बघितली हा कधी विचारतोय म्हणून. विचारलं गेल्या मार्चमध्ये. आता तुझ्या कॉलेजची परवानगी काढू म्हणतेस?”

“तसं नाही गं.”

“तसंच. आणि वाईट याचं वाटतं की मी हो म्हणेन हे तुला ठाऊक आहे. म्हणून तर विचारतेस.”

मार्नीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे खरं होतं. मावशीनं तिला पोहायला शिकवलं होतं, पहिला भागाकार शिकवला होता. मावशीपाशी मागितलेलं मिळतंच, हे ती भरती-ओहोटीइतकं गृहीत धरून चालली होती.

“नको,” ती म्हणाली. “लग्न शनिवारीच. मी पत्र आधी मिळवते.”

“क्लेमंटकडून? चार दिवसांत?” मावशीनं पाईचा तुकडा तिच्यापुढं ढकलला. “त्यानं मला विचारायचं आधी कागदावर लिहिलं होतं. सात वेळा. शेवटचा खर्डा अजून आहे माझ्यापाशी, कोपऱ्यात खाडाखोड.”

हॉफर सर मंगळवारी शाळा सुटल्यावर वर्गातच भेटले. पत्र पेन्सिलीनं चाललं होतं. पाचवा खर्डा. शेजारी रबराच्या किसाची ढिगुली.

“सर, पत्र गुरुवारी पाठवायला हवं. शुक्रवारी फार तर. शनिवारनंतर तुम्ही माझे नातेवाईक होता, आणि ते चालत नाही.”

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “शनिवारी मी नातेवाईक होतो. खरंच की. हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.” ते वाक्य त्यांनी तोंडात घोळवल्यासारखं म्हटलं, जसा एखादा नवा शब्द घोळवावा.

“तोवर रकान्यात लिहायचं, नातं नाही.”

“नातं नाही,” ते म्हणाले, आणि पेन्सिलीला टोक करायला वळले. “ते मला अंगवळणी पडलंय.”

मार्नी उड्या मारत पायऱ्या उतरली. झालं काम. त्या शेवटच्या वाक्यात काही होतं हे तिला त्या क्षणी टोचलंच नाही.

टोचलं ते बुधवारी. इडा क्रॉकेटच्या दुकानात पोस्टही आहे, डोनटही आहेत आणि बेटाचं न्यायालयही तिथंच भरतं. इडा म्हणजे मार्नीच्या आजोबांची चुलत बहीण. एव्हाना खटला तिच्यापुढं आला होता.

“सही गुरुवारची,” इडानं तराजूवर खिळे टाकत निकाल दिला, “लग्न शनिवारचं. शनिवारी दुपारी दोनपर्यंत तो बाहेरचा. कॉलेजला काय करायचंय पुढचं?”

“दोननंतर पण बाहेरचाच की,” डॅरेल म्हणाला. “पाद्रीबाई मंत्र म्हणतील, चमत्कार थोडाच करणार आहेत!”

दुकान खदखदलं. डोनटच्या काचेआड कुणीतरी खोकललं. हॉफर सर होते. हातात तिकिटांचं पाकीट, रेनकोटच्या टोकाला पाणी. त्यांनी टोपीला हात लावला, “दिवस चांगला जावो सगळ्यांना,” म्हणाले आणि बाहेर पडले. दाराची घंटा वाजली. काचेतून मार्नीला त्यांची मान दिसली. मागून लाल झालेली.

डॅरेलनं मिशीवरून हात फिरवला. “मला काय माहीत तो तिथं आहे.”

“एकवीस वर्षं इथंच आहे, बाबा,” मार्नी म्हणाली.

बेटाची एक जुनी रीत आहे. लग्न करून घरात येणाऱ्याला त्या घराच्या रंगाचा नवा बोया देतात, आणि तो नवरीच्या किंवा नवऱ्याच्या भाचीनं रंगवायचा असतो. बँक्सांचा रंग निळा, वर पिवळी टोपी. गुरुवारी दुपारी मार्नी बोटघरात बोया रंगवत बसली होती. निळ्याचा पहिला हात देऊन झाला, दुसरा झाला. ब्रश हळू चालत होता. पलीकडं चारशे अकरा बरण्या गप्प उभ्या होत्या, प्रत्येकीवर लिहिलेलं, ही माती कुठली. एका मूठभर चिखलाला ती इतक्या निगुतीनं ठावठिकाणा देत होती. आणि एका माणसाला आज चार वाजता ती कागदावर लिहायला लावणार होती की तू कुठलाच नाहीस.

चार वाजता ती शाळेत पोचली ती निळ्या बोटांनी. पत्र संगणकावर चढलं होतं. ते तिनं वाचायचं नाही असा नियम, म्हणून सरांनी ते झाकून फक्त पहिलं पान उघडं ठेवलं होतं. नाव. विषय. विद्यार्थ्याला किती वर्षं ओळखता, ‘सतरा’. विद्यार्थ्याशी नातं, ‘नाही’.

“आजच्या तारखेला हे खरं आहे,” सर म्हणाले. त्यांचा अंगठा टेबलाची कड चोळत होता. “बटण तू दाब.”

मार्नीनं बटण दाबलं नाही. “नववीत माझ्या निबंधावर तुम्ही लाल पेनानं एक प्रश्न लिहिला होता. आठवतं?”

“मी लाल पेनानं पुष्कळ लिहितो.”

“‘हे वाक्य उद्यापर्यंत टिकेल का?’”

सरांनी पडद्यावरच्या ‘नाही’कडं बघितलं.

“हे शनिवारपर्यंत पण टिकत नाही,” ती म्हणाली. “थांबूया. लग्न होऊ दे. मग खरं काय ते लिहा.”

“मार्नी.” त्यांनी चष्मा काढला. चष्म्याविना ते एकदम थकलेले दिसत. “हे कॉलेज शंभरातल्या चौऱ्याण्णवांना परत पाठवतं. त्यांना निमित्तच हवं असतं. असलं पत्र ते बाजूला ठेवतील, आणि मग तुझ्या फायलीत एकही पत्र नाही. माझ्या भावना जपायला तू कॉलेज सोडणार असशील तर मी आत्ता या खिडकीतून उडी मारतो.”

“खिडकी तळमजल्याची आहे, सर.”

“तरी.”

“मी काही सोडत नाहीये. मी जाणार आहे तिथं. मला फक्त असल्या वाक्यावर बसून जायचं नाही.” निळी बोटं तिनं जीन्सला पुसली. “निमित्त हवं असेल तर देऊ की. पण आपल्या पसंतीचं देऊ.”

शुक्रवारी मधल्या सुट्टीत तिनं कॉलेजच्या कचेरीत फोन लावला. पलीकडं एक बाई होत्या, घाईतल्या पण सौम्य.

“शाळेतले दुसरे शिक्षक?” त्यांनी विचारलं.

“एक मावशी. एक काका.”

“बरं, मग एखाद्या क्लबचे मार्गदर्शक? शेजारी? गावातलं प्रतिष्ठित कुणी?”

“बाई, इथं आम्ही तीनशे बारा माणसं आहोत. त्यातला एकच माझा कुणी लागत नाही, आणि उद्या दुपारी दोन वाजता तो माझ्या मावशीशी लग्न करतोय.”

पलीकडून रिसीव्हरवर हात ठेवून कुणीतरी हसल्याचा आवाज.

“हे बघ,” बाई परत आल्या, “नियम मी बदलू शकत नाही. खरं असेल ते लिहा आणि सोबत कागद जोडा, असं का ते समजेल असा. वाचणारे वाचतात. पत्र धरतील की नाही याचं वचन मी देत नाही.”

“वचन नको. कागद किती मोठा चालतो तेवढं सांगा.”

शनिवारी आभाळ धुतलेल्या पत्र्यासारखं होतं. लग्न झालं सभागृहात, समुद्राकडच्या खिडक्या उघड्या टाकून. घराघरातून भांडी आली होती, वालाच्या गोड उसळीची, बटाट्याची, माशाच्या सुपाची, आणि तिसऱ्या पाईच्या चवीच्या अकरा पाई. व्हर्ना मावशी करड्या रेशमी पोशाखात अशी चालत आली, जणू वर्षानुवर्षं याच वाटेनं येत होती. हॉफर सरांच्या हातात कागद होता. शपथेचे शब्द त्यांनी त्यावर लिहून आणले होते, आणि ऐनवेळी तो खिशात कोंबून ते तोंडपाठ बोलले. एकही खाडाखोड नाही.

मग मार्नी बोया घेऊन पुढं आली. घराची सगळ्यात लहान भाची रीतीप्रमाणं पहिला शब्द उचलते आणि बाकीचे मागून म्हणतात. बेटावरचं हे गाणं किती जुनं, ते कुणालाच ठाऊक नाही.

रंग घे आमचा, दोर आण तुझा,
भरतीचं पाणी अर्धं अर्धं,
ओहोटीचा चिखल अर्धा अर्धा.
धुक्यात हाक दे, कुठूनही दे,
या रंगाचं घर ओ देईल.

सरांनी बोया दोन्ही हातांनी धरला. रंग अजून किंचित ओला होता, त्यांच्या पांढऱ्या कफाला निळा डाग पडला. तो त्यांनी लपवला नाही.

जेवणं झाल्यावर मार्नीनं लांब टेबलावर कोऱ्या कागदाची अख्खी गुंडाळी सोडली, मधोमध आपलं नाव लिहिलं आणि ओरडली, “मी तुमची कोण लागते ते या आणि लिहून जा!”

मग जे झालं त्याला लग्नाची करमणूक म्हणून तोड नव्हती. इडा क्रॉकेट म्हणे मी आजी, तिचा भाऊ म्हणे चुलत आजी, दोघं तिथंच भांडले आणि शेवटी दोन रेघांनी लिहिलं. फेरीबोटीच्या कप्तानानं आपली रेघ ओढता ओढता शोधलं की आपली बायको आपली चौथ्या पिढीतली बहीण लागते. “म्हणून तर मासळीवर तुमचं पटतं,” डॅरेल म्हणाला. पाद्रीबाई लांबून कौतुकानं बघत होत्या, एवढ्यात त्यांच्या पणजोबांचं नाव निघालं. दगडाच्या खाणीवरचा कारागीर, इथं दोन हिवाळे राहिलेला. कागदाच्या कोपऱ्यात त्याचीही एक मुलगी सापडली.

“अरे देवा,” पाद्रीबाई म्हणाल्या. “म्हणजे मी पण?”

“या, आत या,” इडानं त्यांच्या हातात पेन दिलं. “गर्दी आहे, पण सरकून घेऊ.”

हॉफर सर टेबलाच्या टोकाला उभे होते. काखेत बोया. डॅरेल त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिला. दोघांचीही नजर कागदावर. मार्नी एका रेघेवरून मान न उचलता कान देऊन होती.

“मंगळवारी पिंजरे उचलायला जातोय,” डॅरेल म्हणाला. “येतोस का?”

“मला बोट लागते,” सर म्हणाले.

“ठाऊक आहे. बादली देईन.” डॅरेलनं घसा साफ केला. “निळीच देईन.”

एकतीस ऑक्टोबरला तो कागद सहा तुकड्यांत छायाचित्र काढून अर्जाला जोडला गेला. सरांनी पहिलं पान पुन्हा उघडलं. या वेळी त्यांनी आधी पेन्सिलीनं काही लिहून पाहिलं नाही. विद्यार्थ्याशी नातं, त्यांनी टाइप केलं, ‘काका. लग्नानं. सहा दिवसांपासून.’ मग हात आवरला आणि थोडा वेळ त्या तीन शब्दसमूहांकडं बघत बसले.

“याचा खर्डा नाही केलात,” मार्नी म्हणाली.

“गरज वाटली नाही.”

बटण तिनं दाबलं. निळा रंग नखांच्या कोपऱ्यात अजून उरला होता.

नोव्हेंबर वादळांत गेला. मार्नीनं पिंजरे किनाऱ्यावर ओढून रचले, बरण्यांत आणखी सहांची भर टाकली, आणि कुणी विचारलं तर “घेतील” एवढंच सांगितलं. इडा म्हणायची, एवढा भरवसा मला उद्याच्या बोटीचाही नाही. एकदा मात्र बोटघरात एकटी असताना मार्नीनं एक बरणी उचलली आणि विचार केला, वाचणाऱ्यानं तो कागद बाजूलाच ठेवला असला तर? पहिल्यांदाच मनात काहीतरी खाली गेलं, पिंजऱ्यासारखं, दोर सुटत. ती तशीच उभी राहिली, ते तळाला टेकेपर्यंत. तळ लागला. तिथं पश्चात्ताप नव्हता. तिनं बरणी जागेवर ठेवली आणि दार ओढून घेतलं.

उत्तर आलं डिसेंबरच्या पंधरा तारखेला, दुपारी चारला. शाळेत लोरिंग काकांच्या खोलीत संगणक चांगला, म्हणून सगळे तिथं. खिडकीबाहेर सूर्य पाण्याला टेकलेला आणि शेवटचे पिंजरे घेऊन परतणाऱ्या होड्या काळ्या दिसत होत्या. कोपऱ्यात वायरलेस खरखरत होता. पान उघडायला वेळ लावत होतं. बेटावर सगळंच पलीकडून येतं, आणि सावकाश.

पान उघडू लागलं तशी मार्नी खुर्चीवरून उठली. “मी नाही वाचत. तुम्ही वाचा, काका.”

लोरिंग पुढं सरसावले.

“तुम्ही नाही,” ती म्हणाली. “ते.”

हॉफर सर जागच्या जागी क्षणभर थबकले. मग येऊन बसले, चष्मा सारखा केला आणि वाचू लागले, मनात, ओठ हलवत, वर्गात वह्या वाचत तसेच. व्हर्ना मावशीनं मार्नीचा हात धरला आणि तो मोडेल असा दाबला.

“दुसऱ्या परिच्छेदात,” सर शेवटी म्हणाले, “एक स्वल्पविराम चुकलाय.”

“क्लेमंट!” मावशी किंचाळली.

“आणि तिसऱ्यात लिहिलंय की नात्यांचा कागद त्यांच्या कचेरीच्या भिंतीवर लावलाय, आणि आपलं पत्र त्यांनी धरलंय की नाही हे ते सांगणार नाहीत.” चष्म्याच्या काचा धुरकटल्या होत्या. “पहिल्यात ते तिला या म्हणतायत.”

मावशी रडू लागली, लोरिंग काकांनी टेबलावर मूठ आपटली, आणि मार्नी? ती खिडकीकडं वळली आणि मोठ्यानं, पोटापासून हसली. बरण्या न्यायला बोट पुरेल का, हे तिच्या मनात आलं.

“बाबाला सांगायला हवं,” ती म्हणाली. डॅरेल अजून पाण्यावर होता. ती वायरलेसकडं वळली, पण माइक आधीच कुणीतरी उचलला होता.

हॉफर सरांनी तो असा धरला होता, जणू हात भाजेल. एकवीस वर्षं त्यांनी त्या पेटीला कधी बोट लावलं नव्हतं. बटण कुठलं ते मार्नीनं दाखवलं. त्यांनी दाबलं, घसा साफ केला, सोडलं, पुन्हा दाबलं.

“निळा,” ते म्हणाले. “निळा, पिवळी टोपी बोलतोय.”

खरखर. खिडकीबाहेर होड्या काळ्या काळ्या, एकामागं एक.

मग डॅरेलचा आवाज आला, वाऱ्यातून, इंजिनावरून. “बोल, निळा. ऐकतोय.”

“पोर चालली कॉलेजला, डॅरेल. आपल्या पोरीला घेतलं त्यांनी.”

आणि मग खाडीभर, एका होडीवरून दुसऱ्या होडीवर, रंगांमागून रंग ओ देऊ लागले.